कूस बदलण्याचा इतिहास

फार दिवस आजारी असलेल्या माणसाविषयीं बोलतांना आपण तो ‘अंथरुणाला खिळला आहे’ असें म्हणतों. हा शब्दप्रयोग ज्यानें कोणीं प्रथम केला, त्यानें तो केवळ अलंकार म्हणून केला नसावा. खिळा जेथें बसतो तेथें भोंक पडतें. आणि अंथरुणाला खिळलेल्या देहालाही तें पडतें. माकडहाड, खुबे, टाचा, खांद्यांचीं पातीं, डोक्याची मागील बाजू, अशा ज्या ज्या ठिकाणीं हाड आणि कातडी यांच्यामध्यें मांसाचा थर पातळ असतो, तेथें प्रथम एक लाल डाग दिसतो. बोटानें दाबला तरी तो फिका पडत नाहीं. मग कातडी फुटते, काळवंडते, आणि कधीं कधीं जखम हाडापर्यंत जाऊन पोंचते. ह्या जखमेस शय्याव्रण म्हणतात. मूळ आजारांतून माणूस बरा होत असतां ह्या व्रणानें त्याचा प्राण घेतल्याचीं उदाहरणें वैद्यकाच्या इतिहासांत थोडीं नाहींत.

ह्या व्रणाविषयीं एक प्रश्न पुष्कळ काळ वादाचा होऊन राहिला. ही जखम रोगाची कीं शुश्रूषेची? म्हणजे, ती रोग्याच्या नशिबीं रोगानेंच लिहून ठेविलेली असते, कीं त्याची काळजी वाहणाऱ्यांच्या हातून कांहीं राहून गेल्यामुळें ती होते? प्रश्न वरवर पाहतां वैद्यकांतला दिसतो. परंतु तो जितका वैद्यकाचा तितकाच नीतीचाही आहे. कारण पहिलें उत्तर स्वीकारलें तर कोणीच जबाबदार राहत नाहीं, आणि दुसरें स्वीकारलें तर कोणाच्या तरी माथीं दोष येतो. गेल्या साडेचारशें वर्षांत ह्या दोन उत्तरांमध्यें वैद्यकाचें मन कसें हेलकावे खात आलें, आणि त्यावरून आज आपण काय शिकावें, हें पाहण्याचा ह्या लेखांत आमचा विचार आहे.

प्रथम व्रणाचें कारण थोडक्यांत सांगितलें पाहिजे. निरोगी माणूस गाढ झोपेंतही एकाच कुशीवर फार वेळ राहत नाहीं. बिछाना आणि हाड यांच्या चिमट्यांत सांपडलेल्या मांसांतील सूक्ष्म रक्तवाहिन्या दाबल्या गेल्या, म्हणजे तेथील रक्ताचा पुरवठा कमी होतो; मांस तक्रार करतें; ती तक्रार मज्जातंतूंच्या वाटेनें मेंदूकडे जाते; आणि माणूस पुरता जागा न होतां कूस बदलतो. बेशुद्ध असलेल्या, पक्षाघात झालेल्या किंवा अतिशय क्षीण झालेल्या रोग्याच्या बाबतींत ही सांखळी कोठें तरी तुटलेली असते. तक्रार पोंचत नाहीं, किंवा पोंचूनही हलण्याची शक्ति नसते. त्यांत घाम, मूत्र आणि मळ यांनीं कातडी ओली राहिली, किंवा उशाकडील भाग उंच केल्यामुळें देह खालीं घसरून कातडी ओढली गेली, तर नाश अधिकच लवकर होतो. तेव्हां मुख्य उपाय उघड आहे: जी कूस रोगी स्वतः बदलूं शकत नाहीं ती दुसऱ्यानें बदलावी. हा उपाय समजण्यास सोपा आहे. दिवसरात्र चालवण्यास मात्र तो फार कठीण आहे, आणि ह्या अंतरांतच त्याचा सारा इतिहास आहे.

इ. स. १५६९ मध्यें फ्रान्सचा राजा नववा चार्लस यानें आपला शस्त्रवैद्य आंब्रुआझ पारे यास फ्लँडर्सकडे आव्रेच्या मार्कीच्या उपचारासाठीं पाठविलें. ह्या सरदारास सात महिन्यांपूर्वीं गुडघ्याजवळ बंदुकीची गोळी लागून हाड मोडलें होतें. पाय सुजलेला, अंगांत ताप, झोंप नाहीं, अन्न नाहीं, आणि इतके दिवस एका जागीं पडून राहिल्यामुळें बैठकीवर मोठा व्रण झालेला. हलवलें तर वेदना होतात म्हणून त्याच्या अंगाखालच्या चादरीसुद्धां कित्येक दिवस कोणीं बदलल्या नव्हत्या. पारे यानें पायाच्या जखमेकडे लक्ष दिलेंच. परंतु त्याचबरोबर शेजारीं मऊ बिछाना घालून, स्वच्छ सदरा व स्वच्छ चादरी देऊन, मार्कीस त्यावर उचलून ठेवविलें. व्रणाची जागा अधांतरीं राहावी अशा रीतीनें पिसांची लहानशी उशी खालीं बसविली. पौष्टिक अन्न सुरू केलें. आणि झोंप यावी म्हणून उंचावरून कढईंत पाणी पाडून पावसाचा आवाज करविला. रोगी सुधारूं लागल्यावर त्याच्यापुढें सारंगीसारखीं वाद्यें वाजविणारे आणि एक विदूषकही आणविला. महिन्याभरांत मार्की खुर्चींत बसून बागेंत जाऊं लागला. ही हकीकत पारे यानेंच १५८५ मध्यें प्रसिद्ध केलेल्या आपल्या प्रवासवृत्तांत लिहून ठेविली आहे.

दाब काढणें, कातडी कोरडी व स्वच्छ ठेवणें, पोषण, झोंप आणि मनाची उभारी: आजच्या उत्तम रुग्णालयांतील शय्याव्रणाच्या नियमांची यादी काढली तर तींत पारेच्या उपायांपैकीं क्वचितच एखादा गळेल. मग पुढील पिढ्यांनीं तो कित्ता कां गिरविला नाहीं? आमच्या मतें याचें कारण मार्कीच्या वाड्यांत शोधलें पाहिजे. तेथें चादरी बदलण्यास, पाणी ओतण्यास आणि धन्यास उचलण्यास नोकरांची वाण नव्हती. त्याच काळांत, आणि पुढेंही सुमारें दोनशें वर्षें, पॅरिसच्या ‘ओतेल-द्यू’ ह्या मोठ्या धर्मार्थ रुग्णालयांत एकेका बिछान्यावर अनेक रोगी निजविले जात. जेथें कूस बदलण्यास जागाच नाहीं, तेथें ती बदलविणार कोण? ज्ञान होतें, तें अमलांत आणणारे हात गरिबांच्या वाट्यास आले नव्हते.

एकोणिसाव्या शतकांत हातांची उणीव यंत्रानें भरून काढण्याचा प्रयत्न सुरू झाला. १८३२ मध्यें लंडन येथील वैद्य नील आर्नट यानें बाळंतपणानंतर खितपत पडलेल्या एका बाईसाठीं पाण्याचा बिछाना तयार केला. हौदासारख्या पेटींत पाणी भरून त्यावर रबरी कापड पसरलें, म्हणजे रोग्याचा भार एकाच हाडावर न पडतां सर्व अंगावर वांटला जातो, हें त्यामागील तत्त्व. आर्नट यानें ह्या शोधाचा मक्ता स्वतःकडे राखला नाहीं. कोणींही बिछाना करून घ्यावा अशीच त्याची इच्छा होती. तो इंग्लंडांत किती लवकर ओळखीचा झाला याची साक्ष कादंबरींतही मिळते. मिसेस गॅस्केल यांच्या १८५४-५५ मध्यें क्रमशः आलेल्या ‘नॉर्थ अँड साउथ’मध्यें नायिका आपल्या आजारी आईसाठीं श्रीमंत शेजाऱ्याच्या घरून असाच पाण्याचा बिछाना मागून आणते. हा प्रसंग आम्हीं विद्यार्थ्यांना अनेकदां शिकविला. परंतु त्या बिछान्यामागें एवढी मोठी कथा आहे हें आमच्या लक्षांत फार उशिरां आलें.

मूळ वादास याच सुमारास जोर चढला. पृष्ठरज्जु तुटलेल्या रोग्यांना शय्याव्रण फार होतात, तेव्हां ते मज्जातंतूंच्या नाशामुळेंच होत असले पाहिजेत, असा एक पक्ष होता. ब्राउन-सेकार ह्या शरीरशास्त्रज्ञानें १८५३ मध्यें या पक्षास प्रयोगानें उत्तर दिलें. त्यानें गिनीपिगांचा पृष्ठरज्जु कापला. परंतु त्यांच्या अंगाच्या कोणत्याही भागावर सतत दाब येऊं दिला नाहीं, आणि दिवसांतून अनेक वेळां त्यांना धुऊन स्वच्छ ठेविलें. त्या प्राण्यांना व्रण झाले नाहींत. सहा वर्षांनीं, १८५९ मध्यें, फ्लॉरेन्स नाइटिंगेल बाईंनीं आपल्या शुश्रूषेवरील छोट्या पुस्तकांत हेंच मत प्रयोगशाळेच्या भाषेंत न मांडतां घरगुती स्पष्टपणानें मांडलें: रोग्यास शय्याव्रण झाला तर दोष बहुधा रोगाचा नसतो, शुश्रूषेचा असतो. १८७३ मध्यें सर जेम्स पॅजेट यांनींही आपल्या व्याख्यानांत शय्याव्रण म्हणजे दाबामुळें झालेला देहभागाचा मृत्यु, अशीच व्याख्या केली.

तरी जय दुसऱ्या पक्षाचा झाला, कारण त्या पक्षाकडे झां-मार्तं शार्को होते. पॅरिसच्या साल्पेत्रियेर रुग्णालयांतील हे विख्यात मज्जाशास्त्रज्ञ. पक्षाघाताच्या कांहीं रोग्यांना थोड्याच दिवसांत बैठकीवर व्रण होतो आणि ते बहुधा मरतात, हें त्यांचें निरीक्षण खरें होतें. त्यावरून त्यांनीं असें अनुमान काढलें कीं, हा व्रण मज्जातंतूंच्या विकारांतून उपजतो आणि तो मृत्यूची पूर्वसूचना आहे. त्यास त्यांनीं लॅटिन नांवही ‘अशुभसूचक’ अशा अर्थाचें दिलें. शार्को यांची थोरवी कोणी नाकारणार नाहीं. परंतु मोठ्या माणसाची चूकही मोठीच होते. व्रण हा मृत्यूचा दूत ठरला, तर त्याच्याशीं झगडण्यांत अर्थ काय? पाठीची काळजी घेणें हें व्यर्थ श्रमाचें काम ठरलें. व्रण झाले म्हणून रोगी मरत, आणि रोगी मरत म्हणून व्रण अटळ मानले जात.

ह्या मताची किंमत पहिल्या महायुद्धांतील सैनिकांनीं भरली. पाठीच्या कण्यास गोळी लागलेले बहुतेक जवान व्रणांच्या आणि मूत्रमार्गाच्या विषबाधेनें कांहीं आठवड्यांत किंवा महिन्यांत मरण पावले. त्याच काळीं, १९१७ मध्यें, जर्मनींतील क्योनिग्सह्युट येथील खाणकामगारांच्या रुग्णालयांत लुडविग गुटमान नांवाचा अठरा वर्षांचा तरुण स्वयंसेवक म्हणून काम करीत होता. तेथें कणा मोडलेला एक धिप्पाड खाणकामगार आणला गेला. त्याची टिपणें नीट लिहून घेऊं लागलेल्या गुटमानास सांगण्यांत आलें कीं, एवढी तसदी घेऊं नकोस, हा कांहीं आठवड्यांत जाणार. पांच आठवड्यांनीं तो खरोखरच गेला. गुटमान यांस तो जन्मभर विसरला नाहीं.

गुटमान पुढें नामांकित मज्जाशास्त्रज्ञ झाले. पण ते यहुदी असल्यामुळें नाझी राजवटींत त्यांचें स्थान गेलें, आणि १९३९ च्या मार्चमध्यें बायकोमुलांसह त्यांना इंग्लंडचा आश्रय घ्यावा लागला. १९४४ च्या १ फेब्रुवारीस, युरोपवरील मोठ्या चढाईची तयारी चालू असतांना, स्टोक मँडेव्हिल येथील रुग्णालयांत कण्याच्या जखमांसाठीं निराळा विभाग उघडून तो त्यांच्या हवालीं करण्यांत आला. अमेरिकेंत बॉस्टन येथें डोनाल्ड मन्रो यांनीं अशा रोग्यांसाठीं आधींच काम आरंभिलें होतें, हें येथें नमूद केलें पाहिजे. गुटमान यांनीं काय केलें? कणा हलूं नये म्हणून रोग्यांना प्लास्टरच्या साच्यांत जखडण्याची चाल त्यांनीं बंद केली, कारण तो साचाच व्रणांचें माहेरघर होता. मऊ उशा रचून त्यांवर रोगी निजविले. आणि नियम घातला कीं, प्रत्येक रोग्याची कूस दर दोन तासांनीं, दिवसा आणि रात्रीं, न चुकतां बदलली गेली पाहिजे. हें काम करण्यासाठीं त्यांनीं मदतनिसांचीं पथकें बांधलीं. आणि नियम पाळला जातो कीं नाहीं हें पाहण्यास ते स्वतः रात्रीं-अपरात्रीं वॉर्डांत येत.

याच सुमारास पेनिसिलीन मिळूं लागलें होतें आणि त्याचा हातभार मोठा होता, हें खरें. परंतु औषध जंतूंना मारतें. दाब काढीत नाहीं. जे रोगी मरणारच असें धरून चालण्याची रूढि होती, ते जगूं लागले, बसूं लागले, काम मागूं लागले. १९४८ च्या २९ जुलै रोजीं, लंडन ऑलिंपिकचें उद्घाटन झालें त्याच दिवशीं, स्टोक मँडेव्हिलच्या हिरवळीवर चाकांच्या खुर्चींतील सोळा माजी सैनिकांनीं, पुरुषांनीं आणि स्त्रियांनीं, धनुर्विद्येचा सामना खेळला. त्यांतूनच १९६० मध्यें रोम येथील, आणि पुढें पॅरालिंपिक म्हणून जगाला परिचित झालेल्या, स्पर्धा वाढल्या. १९७२ मध्यें ह्या स्पर्धा जर्मनींतील हायडेलबर्ग येथें, ज्या देशानें गुटमान यांना घालवून दिलें त्याच देशांत, भरल्या. आणि तेथें आमच्या सांगली जिल्ह्यांतील मुरलीकांत पेटकर यांनीं पोहण्याच्या शर्यतींत सुवर्णपदक मिळविलें. १९६५ च्या युद्धांत गोळ्या लागून ह्या जवानाचा कमरेखालचा देह लुळा पडला होता. भारताचें पॅरालिंपिकमधील तें पहिलें सुवर्णपदक. कणा दुखावलेला मनुष्य तलावापर्यंत पोंचावा यासाठीं आधीं त्याची पाठ शाबूत राहावी लागते, हें त्या पदकाकडे पाहतांना सहसा कोणाच्या ध्यानांत येत नाहीं.

यानंतर शास्त्रानें दाबाचें गणित मांडलें. १९३० मध्यें लँडिस यांनीं माणसाच्या नखाजवळील सूक्ष्म रक्तवाहिन्यांतील दाब मोजून तो धमनीच्या टोंकास सरासरी पाऱ्याच्या ३२ मिलिमीटर इतका असल्याचें दाखविलें होतें. १९५९ मध्यें कोसिआक यांनीं कुत्र्यांवरील प्रयोगांनीं सिद्ध केलें कीं, फार दाब थोडा वेळ आणि थोडा दाब फार वेळ, हे दोन्ही सारखेच घातक होऊं शकतात. १९६२ मध्यें इंग्लंडांतील परिचारिका डोरीन नॉर्टन यांनीं दोन सहकाऱ्यांसह वृद्ध रोग्यांच्या शुश्रूषेचा अभ्यास प्रसिद्ध केला. प्रकृति, मनाची स्थिति, चालणें, हालचाल आणि मलमूत्रावरील ताबा ह्या पांच गोष्टींना एक ते चार गुण देऊन वीसपैकीं चौदा किंवा कमी आले तर रोगी धोक्यांत समजावा, अशी साधी पद्धति त्यांनीं घालून दिली. तोंवर पाठीला नाना प्रकारचे लेप लावणें आणि स्पिरिट चोळणें हाच परिचर्येचा मोठा विधि होता. खरा गुण लेपाचा नसून नियमानें कूस बदलण्याचा आहे, हें ह्या अभ्यासानें दाखविलें. हाडावरील लाल झालेली कातडी चोळल्यानें उलट अपायच होतो, हें आज सर्वमान्य आहे; आणि मध्यें भोंक असलेली गोल उशीही आतां वर्ज्य मानतात.

परंतु वैद्यकाच्या प्रगतीनेंच ह्या जुन्या शत्रूस एक नवें रणांगण मिळवून दिलें. १९५२ मध्यें कोपनहेगनला पोलिओची भयंकर सांथ आली. श्वासाचे स्नायू लुळे पडलेल्या रोग्यांसाठीं यंत्रें पुरेनात. तेव्हां ब्यॉर्न इब्सेन यांच्या सूचनेवरून घशांत नळी बसवून रबरी पिशवीनें हातांनीं श्वास देण्याचें ठरलें, आणि सुमारें दीड हजार विद्यार्थी पाळीपाळीनें रोग्यांच्या उशाशीं बसून पिशवी दाबीत राहिले. पुढल्याच वर्षीं इब्सेन यांनीं निराळा अतिदक्षता विभाग सुरू केला. आज ज्यास आपण यंत्रांचें माहेर समजतों, तो विभाग अशा रीतीनें मूळचा हातांच्या पाळ्यांतून जन्मला आहे.

ह्या विभागांत जो रोगी येतो, तो पूर्वीं वांचतच नसे. गुंगीच्या औषधांनीं त्यास शांत ठेविलेलें असतें, म्हणून मांसाची तक्रार मेंदूपर्यंत जात नाहीं. रक्तदाब टिकविण्यासाठीं दिलेलीं औषधें कातडीच्या रक्तवाहिन्या आकुंचित करितात. लँडिस यांचे ३२ मिलिमीटर निरोगी माणसांच्या बोटांवर मोजलेले होते. अशा क्षीण देहास त्याहून कमी दाबही सोसत नाहीं. ज्या नळ्या व मुखवटे त्याचा जीव राखतात, तेच नाकावर, ओठांवर आणि कानांमागें व्रण करितात. श्वसनाच्या गंभीर विकारांत रोग्यास दिवसाचे सोळा तास पालथें निजवावें, त्यानें प्राण वांचतात, असें २०१३ मध्यें प्रसिद्ध झालेल्या फ्रेंच प्रयोगानें दिसून आलें, आणि २०२० च्या कोरोनाच्या सांथींत तो उपाय जगभर झाला. परंतु त्यामुळें पाठीवरचे व्रण गालांवर, हनुवटीवर आणि छातीवर आले. शिवाय कांहीं रोगी असे असतात कीं, कुशीवर वळवतांच त्यांचा रक्तदाब कोसळतो. तेथें परिचारिकेनें काय करावें? कातडी राखावी कीं प्राण?

म्हणून नाइटिंगेल बाईंचें वचन आज जसेंच्या तसें लागू करणें न्यायाचें होणार नाहीं. २०१० मध्यें अमेरिकेंतील तज्ज्ञांच्या परिषदेनें मान्य केलें कीं बहुतेक शय्याव्रण टाळतां येतात, परंतु सगळे नव्हेत. त्याआधीं, २००८ पासून, तेथील सरकारी विमायोजनेनें रुग्णालयांत झालेल्या खोल व्रणांच्या उपचाराचा अधिक पैसा देणें बंद केलें होतें. ह्या नियमानें रुग्णालयें जागीं झालीं हें खरें, परंतु दोषाचें ओझें शेवटीं खाटेजवळ उभ्या असलेल्या परिचारिकेच्याच शिरावर उतरण्याचा संभवही त्यानें वाढला.

येथें आम्हांस नाइटिंगेल बाईंच्या त्याच पुस्तकांतील दुसऱ्या एका प्रकरणाची आठवण करून द्यावीशी वाटते. आपण हजर असतांना जें करतों तें आपण नसतांनाही होत राहील अशी व्यवस्था लावणें, हाच शुश्रूषेचा प्राण होय, असा त्या प्रकरणाचा आशय आहे. शुश्रूषेचा दोष असें जेव्हां त्या म्हणतात, तेव्हां तो एका थकलेल्या बाईच्या आळसापुरता समजणें चुकीचें आहे. दर दोन तासांनीं कूस बदलावी असा फलक भिंतीवर लावणें सोपें. परंतु जड रोग्यास नीट वळविण्यास दोन माणसें लागतात, नळ्या संभाळण्यास कधीं तिसरें, आणि हें चोवीस तासांत बारा वेळां. त्यास एका खोलींतील रोग्यांच्या संख्येनें गुणून पाहिलें म्हणजे व्रणाचें खरें कारण पुष्कळदां हजेरीपटावर सांपडतें.

दोन तास हा आंकडाही कांहीं वेदवाक्य नव्हे. २००५ मध्यें बेल्जममध्यें दिसून आलें कीं चांगल्या दाबशोषक गादीवर चार तासांनीं वळविलेल्या रोग्यांची स्थिति साध्या गादीवर दोन तासांनीं वळविलेल्यांपेक्षां बरी राहते. आणि २०१३ मध्यें अमेरिका व कॅनडांतील वृद्धाश्रमांत, दाट फोमच्या गादीवर, दोन, तीन व चार तासांच्या अंतरांत फरक आढळला नाहीं. अत्यवस्थ रोग्यांना हा निष्कर्ष डोळे मिटून लावतां येणार नाहीं. परंतु त्यावरून इतकें ठरतें कीं, गादीवर खर्चलेला पैसा हा चैनीचा नसून परिचारिकेचे हात मोकळे करणारा आहे.

आपल्याकडील मोठ्या सार्वजनिक रुग्णालयांत खाटेजवळ बसलेला नातेवाईकच पुष्कळदां हें काम करतो, आणि घरीं तें बहुधा सुनेच्या किंवा लेकीच्या वाट्यास येतें. कूस कशी बदलावी, टाचा उशीवर अधांतरीं कशा ठेवाव्या, लाल डाग बोटानें कसा पारखावा, हें त्यांना कोणी शिकवीत नाहीं. व्रण झाला म्हणजे मात्र, ‘लक्ष दिलें नाहीं,’ असें ऐकवणारे आप्त चहूंकडून येतात. अशा आप्तांना आमची एकच विनंति आहे. भेटीला जातांना फळें न्यावींत, हें चांगलेंच; परंतु निघण्यापूर्वीं एकदां त्या रोग्याची कूस बदलण्यास हात लावावा, आणि रात्रींच्या एका पाळीस आपण येतों असें घरच्या माणसास सांगावें. आव्रेच्या मार्कीपाशीं नोकरांचा ताफा होता. स्टोक मँडेव्हिलच्या सैनिकांपाशीं पथकें होतीं, आणि त्यांच्यावर डोळ्यांत तेल घालून पाहणारा एक वैद्य होता. बाकीच्यांच्या वाट्यास आपलेच हात आहेत.